उजव्या मांडीच्या दोन चित्रांतील तफावतीबाबत

लिहिणार : रंगनाथ भिकाजी ढगे, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण इयत्ता सातवी, धंदा अर्जनवीस, बैठक जिल्हा कचेरीच्या आवारात कुंपणालगतच्या कडुनिंबाखाली, अहमदनगर.

ज्यांच्याबाबत : लहानू तुकाराम शिरसाठ, धंदा जनावरांची दलाली, मौजे घोडेगाव, तालुका नेवासा. उजव्या मांडीत कर्करोगाची गाठ.

साक्षीदार : एक, शेवंताबाई, वरील इसमाची पत्नी. दोन, पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळातील डॉक्टरबाई, ज्यांचे नाव परवानगीवाचून देत नाही. तीन, त्याच इस्पितळातील एक यंत्र, ज्याची साक्ष मी स्वतः लेखी खोटी ठरविली होती.

घटनेचा काळ : तीन वर्षांपूर्वीच्या बैलपोळ्यापासून पुढच्या शिमग्यापर्यंत.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातील गमती मागविल्या आहेत. गमतींना तोटा नाही. कागदावर मयत झालेली एक बाई कित्येक महिने रोज माझ्यासमोर येऊन बसत असे आणि मी ती हयात असल्याचे अर्ज लिहीत असे. एके दिवशी कारकुनाने तिला विचारले, "बाई, तुम्ही जिवंत आहात याला पुरावा काय?" बाईने त्याच्या टेबलावरचा चहा उचलला आणि पिऊन टाकला. असे प्रसंग मी पुष्कळ सांगू शकेन. परंतु ज्या एका प्रकरणाने माझ्या लेखणीचा तोरा उतरविला, ते सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही, असे माझे मत झाले आहे.

बाहेरच्या लोकांना वाटते की अर्जनवीस म्हणजे दुसऱ्याचे गाऱ्हाणे टंकयंत्रावर बडविणारा माणूस. तसे नाही. माणूस येतो तो रडत येतो, मधूनच सुरुवात करतो, मेव्हण्याला शिव्या देतो आणि मूळ मुद्दा जाता जाता उठताना सांगतो. त्या सगळ्यातून कोण, कोणाविरुद्ध, काय, कशाच्या आधारे आणि मागणे काय, एवढे वेचून काढून साहेबाने दोन मिनिटांत वाचावे असे रचणे, हे आमचे काम. त्यात माझी स्वतःची म्हणून एक हातोटी आहे. ती म्हणजे तफावत शोधणे. श्रीगोंद्याच्या एका विहिरीच्या वादात प्रतिपक्षाने दोन कागद हजर केले होते. एकात विहीर बांधाच्या पूर्वेला, दुसऱ्यात पश्चिमेला. वकिलाच्या नजरेतून सुटलेली ती गोष्ट मी अर्जात मांडली आणि निकाल फिरला. त्या दिवसापासून माझी अशी पक्की धारणा झाली की, दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलू लागले की त्यांतला एक खोटा असतोच.

पोळ्यानंतर दोन दिवसांनी लहानू आप्पा माझ्याकडे आले. त्यांना मी पूर्वीपासून ओळखत होतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांच्या हाताला मान होता. गाभण म्हशीच्या कुशीला तळवा लावून ते महिना सांगत, आणि तो चुकल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्या दिवशी ते लंगडत आले आणि त्यांनी इंग्रजी-मराठी छापील फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊसाहेब, हे वाचा. तुमी वाचल्याबिगर मी अंगठा देनार न्हाई असं सांगून आलोय."

"काय आहे?"

"मांडीत गाठ हाय. डाक्टर म्हनत्यात, येक तर पाय काढायचा, न्हाईतर आदी नव्या पद्धतीचं औषद देऊन गाठ बारीक करायची, मंग नुसती गाठ काढायची. पाय ऱ्हातो." त्यांनी मांडीवर हात ठेवला. "दुनियेच्या म्हशींच्या पोटातलं मला भायेरून कळतं. माज्याच मांडीतलं न्हाई कळत बगा."

शेवंताबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हशीला इचारलं अस्तं तर तिनंबी हेच सांगितलं अस्तं, आदी दवाखान्यात जा म्हून. सा म्हैने अंगावर काढलंय."

फॉर्म संमतीचा होता. पद्धत नवी असून अजून तपासली जात आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी तो दोनदा वाचला. त्यातील तीन शब्द मला समजले नाहीत, हे आज कबूल करतो. तेव्हा कबूल केले नाही. मात्र रिकाम्या जागेत मी स्वतःच्या हस्ताक्षरात एक कलम वाढविले : "दिलेले औषध गाठीपर्यंत पोहोचले किंवा कसे, हे अर्जदारास त्याच्या साक्षीदारासमक्ष प्रत्यक्ष दाखविण्यात यावे." जमिनीचा ताबा घेताना आम्ही असेच कलम घालतो.

पुण्याला डॉक्टरबाईंनी ते कलम वाचले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. साक्षीदारही मीच."

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही नेमकं तेच करणार आहोत." आणि त्या कलमाखाली त्यांनी सही केली.

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या वहीत उतरवून घेतले, ते असे. गाठीवरचे औषध फार तीव्र असते. नुसतेच शिरेतून दिले तर ते सगळ्या अंगाला भाजून काढते, हृदयालाही इजा करते. म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या बुडबुड्यांत भरायचे. बुडबुडे एवढे बारीक की केसाच्या जाडीत असे शेकडो मावतील. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने उभारलेल्या असतात, त्यांना फटी राहून जातात. रक्ताबरोबर फिरणारे बुडबुडे त्या फटींतून गाठीत झिरपतात, तिथे अडकतात आणि औषध सावकाश सोडत राहतात. आता ते खरोखर तिथे गेले की नाही, हे कळायचे कसे? त्यासाठी बुडबुड्यांना किरण सोडणारी एक सौम्य खूण जोडायची. ती खूण शरीराबाहेरचे यंत्र टिपते. कुठेही कापावे लागत नाही की तुकडा काढावा लागत नाही.

"म्हंजी औषदाच्या गळ्यात घंटा बांदायची," आप्पा म्हणाले. "रानात कुटं गेलं ते वाजून कळतंय."

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी बरोबर आप्पा. फक्त ही घंटा कानाला ऐकू येत नाही."

नवरात्रात पहिले औषध दिले आणि दोन दिवसांनी चित्र घेतले. मी काचेच्या अलीकडे वही उघडून बसलो होतो. आप्पा अरुंद फळीवर निजले. एक जाड तबकडी त्यांच्या वर, दुसरी फळीच्या खाली. एकीनेही त्यांना स्पर्श केला नाही. खोलीत उजेड पडला नाही, आवाजही झाला नाही. मला वाटले, यंत्र बंदच आहे.

एवढ्यात समोरच्या काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका पडला. मग दुसरा, बराच लांब. मग चार-पाच. वाफ्यात कोणी मूठमूठ बी फेकावे तसे ठिपके पडत गेले, आणि काही ठिकाणी दाट होऊ लागले. हळूहळू त्या ठिपक्यांतून माणूस दिसू लागला. आधी पोटाशी एक मोठा उजळ डाग, मग खांदे असल्याचा नुसता भास, मग पाय. आणि मांडीच्या ठिकाणी एक उजेड जमू लागला. विझत आलेल्या शेगडीवर फुंकर घालावी तसा तो वाढत गेला.

मी यंत्रावरच्या गृहस्थांना विचारले, "हा उजेड यंत्र टाकते काय?"

"नाही हो. यंत्र काहीच टाकत नाही. येतंय ते त्यांच्यातून येतंय. यंत्र फक्त वेचतंय."

माझी लेखणी थांबली. मी हजारो पंचनामे लिहिले आहेत. आगीचे, पुराचे, पडक्या घरांचे. पंच नेहमी घटना घडून गेल्यावर जातात. इथे माणूस निजलेला होता, त्याच्या अंगाला कोणी बोट लावत नव्हते, आणि त्याच्या आत चाललेली गोष्ट ती चालू असतानाच मी बाहेर बसून पाहत होतो. घोडेगावच्या बाजारात घाम पुसत फिरणारा हा माणूस आतून चांदण्यासारखा दिसत होता. मी चप्पल काढून बसलो. का काढली ते सांगता येणार नाही.

"पोहोचलंय औषध," डॉक्टरबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांना दुसऱ्या रुग्णाकडे बोलावणे आले होते. "चार आठवड्यांनी पुढचा डोस. ही फिल्म जपून ठेवा, येताना आणा."

येथपर्यंत सर्व ठीक होते. पुढील मजकुरास सर्वस्वी मी जबाबदार आहे.

नगरला आल्यावर आप्पांनी ती फिल्म माझ्याकडे फाईलला लावण्यास दिली. मी ती उन्हाकडे धरली. तिच्यावर शेजारी शेजारी दोन चित्रे होती. दोन्हींत तोच माणूस, तेच डाग. परंतु पहिल्या चित्रात मांडीचा उजेड डाव्या हाताला होता, आणि दुसऱ्यात उजव्या. दोन्हींवर एकच तारीख, एकच वेळ, अगदी मिनिटासह. कडेला काही बारीक इंग्रजी अक्षरे होती. ती मी शिक्का समजून सोडून दिली.

माझे रक्त सळसळले. एकच इसम, एकच मिनिट, आणि औषध दोन निरनिराळ्या पायांत!

"आप्पा, गाठ कोणत्या मांडीत?"

"उजव्या. ही काय."

"मग हे पाहा." मी बोट ठेवले. "यांतले एक चित्र खोटे आहे. किंवा औषध चुकीच्या पायात गेले आहे."

आप्पा फिल्मकडे बराच वेळ पाहत राहिले. काही बोलायला त्यांनी तोंड उघडले, मग मिटले. शेवटी एवढेच म्हणाले, "तुमी म्हनता तर."

मी त्याच दुपारी तक्रार अर्ज टंकित केला. मुद्दा एक : दोन चित्रांत ढळढळीत तफावत. मुद्दा दोन : बरेचसे औषध पोटातच उतरल्याचे चित्रावरून दिसते. मुद्दा तीन : खुलासा होईपर्यंत पुढील औषध देण्यात येऊ नये. पाच प्रती काढल्या. चार मुंबईच्या मोठमोठ्या साहेबांना रजिस्टर्ड पोस्टाने, आणि पाचवी इस्पितळाला माहितीस्तव, साध्या टपालाने. आमच्या धंद्याची ही रीत आहे. ज्याला उत्तर ठाऊक असते त्याला आम्ही शेवटची प्रत पाठवितो.

दिवाळी झाली. औषधाचा दिवस आला आणि गेला. इस्पितळाकडून आप्पांना पोस्टकार्ड आले : आपण आला नाहीत, त्वरित यावे. आप्पांनी ते माझ्याकडे आणले. मी त्यावर आवक क्रमांक घातला आणि फाईलला लावले. तुळशीचे लग्न झाले. साहेबांकडून "अर्ज पोहोचला" अशा दोन चिठ्ठ्या आल्या, आणि मला समाधान वाटले.

मग एका सकाळी शेवंताबाई एकट्याच आल्या.

"भाऊसाहेब, मांडी फुगाया लागलीया. त्यास्नी झोप न्हाई."

"बाई, दोन ठिकाणचे उत्तर यायचे आहे. प्रकरण प्रलंबित आहे."

"त्या गाठीला म्हाईत हाय का परकरन परलंबित हाय म्हून?"

आजूबाजूचे अर्जनवीस हसले. मी घसा साफ केला. "कागदात तफावत असताना औषध घेणे कायद्याला धरून—"

"कायदा ऱ्हाऊ द्या. त्या कागदाची येक परत द्या मला."

"कशासाठी?"

"म्या पुन्याला जाते. ज्या बाईनं औषद दिलं, तिलाच दावते. तुमी मुंबईच्या साएबाला इचारताय, की औषद कुटं गेलं म्हून! त्यानं काय मांडी बगितलीय का?"

ती बाई अक्षरशत्रू. पुणे तिने एकदाच, नवऱ्यामागे चालत पाहिलेले. ती एसटीने एकटी गेली आणि संध्याकाळी चिठ्ठी घेऊन परत आली. डॉक्टरबाईंनी लिहिले होते : "आप्पांना घेऊन उद्याच या. अर्ज लिहिणाऱ्यांनाही आणा. रागावणार नाही."

आम्ही तिघे गेलो. माझ्या मनात पूर्ण युक्तिवाद तयार होता. डॉक्टरबाईंनी तो ऐकून घेतला नाही. त्या आप्पांना म्हणाल्या, "यांच्यासमोर तोंड करून उभे राहा." आप्पा उभे राहिले. "आता, भाऊसाहेब, यांची उजवी मांडी दाखवा."

मी बोट केले. माझे बोट माझ्या डाव्या बाजूला गेले.

"आप्पा, आता पाठ करा. भाऊसाहेब, पुन्हा दाखवा."

माझे बोट माझ्या उजव्या बाजूला गेले आणि तिथेच राहिले.

"वरच्या तबकडीने समोरून पाहिलं, खालच्या तबकडीने पाठीमागून. एकाच मिनिटात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडेला इंग्रजीत तेच लिहिलंय. दोन्ही चित्रं खरी आहेत. आणि पोटाशी दिसतं ते यकृत आणि प्लीहा. रक्तात जे परकं फिरतं ते अडविणं त्यांचं कामच आहे. तेवढं औषध तिथे जाणार हे आम्ही धरून चालतो."

मग आप्पा सावकाश म्हणाले, "बैलाच्या म्होरं हुबं ऱ्हायलं की त्याचं उजवं शिंग आपल्या डाव्या हाताला येतंय. मागून बगितलं की उजव्या. ध्यानात आलं हुतं मला तवाच."

"तेव्हाच?" मी म्हणालो. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी टाईप केल्तं, भाऊसाहेब. पाच परती. माजं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, समदं बरोबर हुतं. मंग बाकीचंच चूक हाय असं मी कोन म्हननार?"

माझ्या आयुष्यात माझ्याविरुद्ध अनेक अर्ज झाले. यापेक्षा जड ताशेरा माझ्यावर कोणी ओढलेला नाही, आणि तो ओढणाऱ्याला तो ताशेरा आहे हे ठाऊकही नव्हते.

चार आठवड्यांनी द्यायचे औषध नवव्या आठवड्यात दिले गेले. दोन दिवसांनी आप्पा पुन्हा त्या फळीवर निजले. या वेळी डॉक्टरबाईंनी मला पडद्याजवळ खुर्ची दिली आणि शेवंताबाईंनाही शेजारी बसविले. पुन्हा काळा पडदा, पुन्हा एकेक ठिपका. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे आमचं मानूस हाय?" त्या कुजबुजल्या.

"होय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा त्यांचा खांदा. हे पोट. आणि ही ती गाठ. औषध चाललंय तिच्याकडे. बघा, जमतंय."

"जा रं बाबांनो," शेवंताबाई ठिपक्यांना म्हणाल्या, बाजाराला निघालेल्या वासरांना म्हणावे तसे. "जा, तिकडंच जा समदी."

आणि ते जात होते. मी डोळ्यांनी पाहिले. पण या वेळी गाठीचा उजेड एका कड्यासारखा होता, मध्ये काळोख. डॉक्टरबाईंनी पहिली फिल्म शेजारी लावली. तिच्यात असा काळोख नव्हता.

"गाठ वाढली आहे," त्या म्हणाल्या. "वाढली की मध्ये रक्त नीट पोहोचत नाही. रक्त नाही तिथे औषधही नाही. पण कडेला भरपूर आहे. आपण कडेकडून आत जाऊ." दोष कोणाचा, हे त्या बोलल्या नाहीत. मी तो काळोख मापून घेतला. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता.

त्या दिवशी वहीत मी पंचनामा लिहिला. तो माझ्या हातचा सर्वांत चांगला पंचनामा आहे असे मी समजतो. "समक्ष पाहिले ते येणेप्रमाणे : सदर इसम जिवंत, शुद्धीवर व निजलेला. त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताकडील मांडीत औषध हजर. अंगावर जखम नाही. कोणी आत गेले नाही, आतील बाहेर काढले नाही. तरी आतील गोष्ट पंचांनी पाहिली." तेव्हापासून कोणी चतुःसीमा सांगू लागला की मी पहिला प्रश्न विचारतो, उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? नवीन अशील वैतागतात. वैतागू देत.

पुढची औषधे वेळेवर झाली. प्रत्येक चित्राला मी हजर होतो. संक्रांतीच्या सुमारास मधला काळोख आणि भोवतालचे कडे दोन्ही आक्रसले, आणि गाठ एवढी बारीक झाली की शिमग्यानंतर नुसती गाठ आणि भोवतीचे थोडे मांस काढून पाय वाचला. आप्पा काठी घेऊन चालतात. म्हशीच्या कुशीला अजून हात लावतात. मागच्या वर्षी मी त्यांना बाजारात गिऱ्हाईकाला सांगताना ऐकले, "मी आतनं कसा दिस्तो ठावं हाय का तुला? आभाळावानी!"

परंतु गेल्या महिन्यात त्यांना खोकला लागला. छातीच्या फोटोत दोन लहान डाग निघाले. डॉक्टरबाईंनी पुन्हा त्या यंत्राखाली चित्र घ्यायचे ठरविले आहे. आप्पांनी निरोप धाडला आहे, "भाऊसाहेबास्नी सांगा, साक्षीला यायचंय."

सबब, डॉक्टरबाईंच्या सेवेशी या अंकाद्वारे नम्र विनंती करण्यात येते की :

ते पाच आठवडे गाठ माझ्या अर्जामुळे औषधावाचून राहिली. त्या अवधीत तिच्यातून काही सुटून छातीकडे गेले असणे शक्य आहे काय, याचा खुलासा व्हावा. हा प्रश्न तोंडी विचारण्याचा प्रयत्न मी दोन वेळा केला. दोन्ही वेळा आप्पा शेजारी उभे होते, आणि मी पावसापाण्याची चौकशी करून परत आलो.

हे कोणालाच सांगता येत नाही, असे उत्तर असल्यास तेही लेखी मिळावे. उत्तर "होय" असल्यास कोणतीही सवलत मागितलेली नाही. मात्र ते घोडेगावच्या पत्त्यावर न पाठविता माझ्या पत्त्यावर पाठवावे. लहानू आप्पा शिरसाठ यांचे सर्व कागद आजवर मीच वाचून दाखवीत आलो आहे. हाही मीच वाचून दाखवीन.

कळावे. उत्तराच्या प्रतीक्षेत,

रंगनाथ भिकाजी ढगे
अर्जनवीस